आतलं बोलणं

कापडगल्लीची एक भाषा होती आणि ती ऐकायला कुणालाही मनाई नव्हती. गंमत तीच होती. गिऱ्हाईक काउंटरपाशी बसलेलं असायचं, त्याच्या तोंडावर बाप मुलाला म्हणायचा, ‘चांदणं आवर,’ आणि मुलगा उलगडलेला तागा निमूटपणे उचलून आत नेऊन ठेवायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, चाललं असेल घरातलं काहीतरी. चांदणं म्हणजे विणीतला विरळपणा. कापड उजेडाकडे धरलं की बारीक ठिपके दिसतात, ते. सगळे तागे काढायला लावून, एकेकाला हात लावून, शेवटी ‘येते हं’ म्हणून निघून जाणारं गिऱ्हाईक म्हणजे ढवळ्या, मग ती बाई का असेना. गिऱ्हाईक मनातून तयार झालंय, आता भावात उतरू नका, हे सांगायचं तर ‘उकळी आली’ एवढं म्हणायचं. सगळे साधे, घरातले शब्द. कुलूप नाही, किल्ली नाही, पण बाहेरच्याला ताकास तूर लागत नसे. गल्लीतले लोक त्याला भाषाबिषा म्हणत नसत, नुसतं ‘आतलं’ म्हणत.

गल्लीतले दुकानदार आप्पा यांची धाकटी मुलगी या आतल्यात वाढली. काउंटरखाली कटपिसांच्या ढिगात खेळताना तिच्या कानावर जे पडलं, ते कुणी शिकवल्याशिवाय तिच्या जिभेवर आलं. पुढे ती शिकली, शिक्षिका झाली, आणि आता गल्लीपासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत सहावीच्या वर्गाला शिकवत होती. राहायला शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या होत्या, पण रविवारचं जेवण दुकानाच्या वरच्या घरात, आप्पा, दादा, वहिनी आणि दादाची मुलगी चिमी यांच्याबरोबर. शाळेत तिला सगळे बाई म्हणत. गल्लीत मात्र तिच्या केसांत पांढरे डोकावायला लागले तरी ती धाकटीच होती, आणि तिला ते आवडत होतं.

आता शिक्षकांच्या टाचणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. धडा शिकवण्याआधी तो कसा शिकवायचा हे मांडून ठेवतात, त्याला पाठाचं टाचण म्हणतात. बहुतेक शिक्षक मागच्या वर्षीचंच टाचण पुढे सरकवतात. तारीख बदलली की झालं काम. धाकटीला ते जमत नसे. कापडाच्या घरात जन्मलेली ती, माप न घेता कात्री लावायची हे तिच्या हाताला पटायचंच नाही. वर्गात कोण बसलंय, कुणाच्या घरी काय चालतं, कोणते शब्द बोलले जातात, हे आधी बघायचं आणि मग धडा बेतायचा, अशी तिची रीत. बेकरीवाल्याच्या मुलाला अपूर्णांक कळेनात, तेव्हा तिने भट्टीतले पाव लावायचे पत्रे वर्गात आणले. सुताराच्या मुलीने बापाचा गुण्या आणला आणि सगळ्या वर्गाला काटकोन हाताने शिकवला. शिक्षकांच्या खोलीत यावर बरीच टिंगल व्हायची. ‘उद्या न्हाव्याचा मुलगा आला की वर्गात वस्तरा आणणार का बाई?’ असं एका सरांनी विचारलं होतं. बाईंनी त्यांच्या दाढीकडे बघून ‘गरज तर दिसतेय’ असं उत्तर दिलं, तेव्हापासून ते सर जरा जपून बोलत.

पण कापडगल्लीच्या मुलांपाशी तिचं घोडं पेंड खायचं. घरून एखादा शब्द आणा म्हटलं की ती मुलं एकसुरात सांगायची, ‘आमच्याकडे काही नाही, बाई.’ सगळ्यात वाईट अवस्था चिमीची. दुकानात जिची जीभ कात्रीसारखी चालायची, ती वर्गात मूग गिळून बसायची. काहीही विचारलं की आधी दाराकडे बघायची. कविता वाचायला उभं केलं तर शब्द वाचायची, पण त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचल्याचं तोंडावर दिसायचं नाही. मुख्याध्यापकांनी शेवटी सांगून टाकलं, की या मुलीला पुढच्या वर्गात ढकलण्यात अर्थ नाही, मागेच ठेवू. ‘तुमच्या घरातली आहे म्हणून आधी तुम्हाला सांगतोय,’ असंही म्हणाले, आणि हे सांगताना आपण किती समजूतदार आहोत हे त्यांचं त्यांनाच फार आवडलेलं दिसलं.

धाकटीला माहीत होतं की त्या मुलांकडे काय आहे, आणि ती का बोलत नाहीत हेही. तिलाही लहानपणी हेच बजावलं होतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने आप्पांपुढे विषय काढला. आप्पा सुपारीएवढं बोलणारे आणि डोंगराएवढं ऐकणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘आतलं बाहेर नेलं तर त्याला आतलं कशाला म्हणायचं?’ ते म्हणाले.

‘बाहेर नाही नेणार, आप्पा. वर्गात. एकच पाठ. चिमी बोलेल, बाकीची पोरं बोलतील. त्यांना कळेल की आपल्या घरीही काहीतरी आहे, जे पुस्तकात बसतं.’

‘पोरं आहेत ती,’ दादा म्हणाला. ‘तासाभरात गावभर करतील.’

‘नाही करणार. मी शिकवते त्यांना, मला माहीत आहेत ती.’

‘लोक म्हणतील आम्ही गिऱ्हाईक फसवतो.’

‘फसवतो का आपण?’

‘आपण फसवत नाही. चांदणं असलेला तागा चुकून पुढे आला तर उचलून घेतो. पण हे कोण समजून घेणार?’

वहिनी मध्येच म्हणाली, ‘चिमी मागे राहिली तर तेही लोक म्हणतीलच काहीतरी.’

आप्पांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग विचारलं, ‘तुझा शब्द?’

‘माझा शब्द.’

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः गल्लीतल्या एकेका दुकानात गेले. आप्पा उगाच कुणाच्या दुकानाची पायरी चढत नसत, त्यामुळे लोक उठून उभे राहिले. आप्पांनी सगळीकडे एवढंच सांगितलं, की धाकटी पोरांना आतलं शिकवणार आहे, वर्गाच्या बाहेर जाणार नाही, आणि गेलं तर मला विचारा. त्यांच्या शब्दाला गल्लीत वजन होतं, म्हणून कुणी नाही म्हणालं नाही. एकदोघांच्या मनात होतं, पण ते मनातच राहिलं.

आता मैत्रिणीबद्दल. शिक्षकी शिकताना दोघी एका खोलीत राहत होत्या. एकीच्या घरून आलेला डबा दोघींचा, एकीचं परीक्षेचं टेन्शन दोघींचं. धाकटी तापाने फणफणली तेव्हा या मैत्रिणीने स्वतःचा पेपर बुडवून तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही आणि विसरूही नयेत. पुढे मैत्रीण हुशार निघाली, शिक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रात तज्ज्ञ म्हणून गेली. मुलांच्या घरचं जगणं धरून पाठ कसा बेतायचा, याच विषयावर ती आता शिक्षकांपुढे व्याख्यानं द्यायची. खरं सांगायचं तर व्याख्यानातली अर्धी उदाहरणं धाकटीच्या वर्गातली असायची. धाकटीला त्याचा राग नव्हता. उलट पावाच्या पत्र्यांची गोष्ट दूरदूरच्या शाळांत पोचली याचं तिला बरंच वाटायचं.

तेव्हा या पाठाबद्दल तिने मैत्रिणीला आपणहून सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवलंच नाही.

‘मी बघायला येणार,’ मैत्रीण म्हणाली.

‘ये. पण हे बाहेर जायचं नाही. उदाहरण म्हणूनही नाही. आप्पांनी शब्द टाकलाय.’

‘वेडी का तू? मला हे सांगायला लागतं?’

पाठाच्या दिवशी मैत्रीण मागच्या बाकावर बसली. तिने मोबाईल तीन पायांच्या छोट्या स्टँडवर उभा केला. धाकटीने नुसतं बघितलं, तर ती म्हणाली, ‘फक्त माझ्यासाठी गं. तुझ्या टाचणाशी ताडून बघायला.’ तापात धाकटीच्या कपाळावर ज्या हाताने पट्ट्या ठेवल्या तोच हात मोबाईल सरळ करत होता. धाकटी फळ्याकडे वळली.

आधी तिने मुलांना जवळ बोलावलं. ‘आज आपण एका घरचं काहीतरी उसनं घेणार आहोत,’ ती म्हणाली. ‘उसनं आणलेलं आपण वापरतो, पण वाटत सुटत नाही. आज या खोलीत जे ऐकाल ते या खोलीत ठेवून जायचं. आईला नाही, भावाला नाही, दुकानात तर नाहीच. जमेल?’ मुलं गंभीर झाली. या वयात गुपित सांभाळायला सांगणं म्हणजे मोठं झाल्याची पावतीच असते, आणि त्या मुलांनी ते सांभाळलंही. पुढे एवढं सगळं झालं, पण त्यातला एक शब्दही मुलांच्या तोंडून गेला नाही.

मग तिने चिमीला बोलावलं. चिमीने सवयीने दाराकडे बघितलं. मग आत्याकडे बघितलं. आत्याने दार लावून घेतलं.

पुढचा तास धाकटीला नंतर पुन्हा पुन्हा आठवायचा, आणि आठवून त्रास व्हायचा, कारण तिच्या सगळ्या नोकरीत तो सगळ्यात चांगला तास होता. चिमी बाकावर चढली. पट्टीने हवेत कापड मोजलं, समोरच्या मुलाला गिऱ्हाईक केलं, सुताराच्या मुलीला मदतनीस केलं आणि दुकान मांडलं. ‘चांदणं आवर,’ असं ती आजोबांच्या आवाजात म्हणाली, तेव्हा वर्ग हसून लोळला. मग धाकटीने फळ्यावर तो शब्द लिहिला आणि विचारलं, की शब्द काय म्हणतो आणि बोलणाऱ्याला काय म्हणायचंय? मुलं भराभर सांगायला लागली. कापडगल्लीची बाकीची पोरं, जी वर्षभर भिंतीला टेकून बसायची, तीही उठली आणि एकमेकांच्या शब्दांत चुका काढायला लागली. मग धाकटीने पुस्तक उघडलं. तीच कविता, नदीची, जी चिमीने दहादा नुसती वाचली होती. चिमीने ती या वेळी हळूहळू वाचली, मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘बाई, हा माणूस नदीबद्दल बोलतच नाहीये. हा आतलं बोलतोय. त्याची आई गेलीये.’

मागच्या बाकावर मैत्रीण डोळे पुसत होती. धाकटीला वाटलं, जिंकलं.

मुख्याध्यापकांनी चिमीची पुन्हा परीक्षा घेतली आणि तिला पुढच्या वर्गात न्यायचं ठरलं. त्या रविवारी आप्पांनी धाकटीच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. बोलले काहीच नाहीत, पण आप्पांच्या हिशेबात तो मोठा सत्कार होता.

मग काही आठवडे गेले आणि एक दिवस दुकानात एक बाई आल्या. पडद्याचं कापड हवं होतं. दादाने तागा उलगडला, बाईंनी तो उजेडाकडे धरला आणि मान तिरकी करून विचारलं, ‘यात चांदणं नाही ना हो?’

दादाच्या हातातली मीटरपट्टी तशीच राहिली. आधी त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण बाई हसत होत्या आणि त्यांच्या बरोबरची मुलगी म्हणाली, ‘आई, तू ढवळ्या आहेस,’ आणि दोघी आणखी हसल्या. मग त्यांनी कौतुकाने मोबाईल पुढे केला. त्यात चिमी बाकावर उभी होती.

संध्याकाळपर्यंत ते गल्लीतल्या प्रत्येक दुकानात पोचलं होतं. प्रशिक्षण केंद्राने ‘घरातून पाठाकडे’ या नावाने नमुन्याचा पाठ म्हणून तो सगळ्या शिक्षकांना पाठवला होता. शिक्षकांनी तो आपापल्या ओळखीत पाठवला, आणि तिथून पुढे कुणा शहाण्याने त्याच्यावर लिहून टाकलं: ‘कापडवाल्यांची चोरभाषा, बघा आणि सावध व्हा.’ एकदा चोर हा शब्द लागला की मग पुढचं कोण बघतो. दुसऱ्या दिवसापासून दुकानात तागा नुसता घडी करून ठेवला तरी गिऱ्हाईक म्हणायचं, ‘काय लपवताय? दाखवा इकडे.’ विरळ कापड बाजूला काढणं ही गल्लीची लाज राखायची रीत होती, तीच आता लबाडीची खूण झाली. गल्लीच्या तोंडाच्या जुन्या दुकानदाराला एका गिऱ्हाइकाने त्याच्या नातवंडांसमोर चोर म्हटलं. तो माणूस आप्पांकडे आला, पायरीवर उभा राहिला, आत आलाच नाही. ‘तुम्ही म्हणाला होतात तुम्हाला विचारा,’ एवढं बोलून तो गेला.

धाकटीने तो पाठ शाळेच्या जिन्यात उभं राहून बघितला. दुसऱ्यांदा बघितल्यावर एक गोष्ट तिच्या लक्षात आली. सुरुवात नव्हती. मुलांना जवळ बोलावून ती जे बोलली, उसनं आणलेलं, या खोलीत ठेवून जायचं, ते सगळं कापलेलं होतं. पाठ सुरू व्हायचा तोच चिमी बाकावर चढताना.

त्याच दुपारी ती प्रशिक्षण केंद्रात गेली. मैत्रिणीच्या खोलीत भिंतभर रंगीत तक्ते होते, टेबलावर चहाचा रिकामा कप आणि कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला एक गुळगुळीत दगड. मैत्रीण उठून पुढे आली, मिठी मारायला. धाकटी खुर्चीमागेच थांबली.

‘मी तुला नाही म्हणून सांगितलं होतं.’

‘सांगितलं होतंस,’ मैत्रीण म्हणाली. ‘खोटं नाही बोलणार. पण इतक्या वर्षांत असा पाठ मी पाहिला नाही गं. तो त्या चार भिंतींत पुरून टाकायचा? किती शिक्षक आहेत ज्यांना घरचं म्हणजे काय हेच कळत नाही. तुझ्यामुळे कळलं त्यांना. तुझं नाव घातलंय मी, पहिलंच, मोठ्या अक्षरात.’

‘सुरुवात का कापलीस?’

मैत्रिणीने कप उचलला, रिकामा आहे हे बघून परत ठेवला.

‘त्यात तू मुलांना गप्प राहायला सांगतेस. प्रशिक्षणात चुकीचा संदेश गेला असता.’

धाकटीला हे ऐकून आधी हसूच आलं. म्हणजे चुकून पाठवलं नव्हतं. भावनेच्या भरातही नाही. बसून, नीट बघून, कुठे कात्री लावायची हे ठरवून पाठवलं होतं. परक्याने केलं असतं तर धाकटीने त्याला चार शिव्या घालून विषय संपवला असता. पण ही ती होती जिने आपला पेपर बुडवला होता, आणि तिनेच केसाने गळा कापला होता. धाकटीच्या मनाला हे दोन्ही एकदम धरता येईना.

‘तुला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘ते ऐकलं तर कुणीही पुढे पाठवलं नसतं, हे तुला माहीत होतं.’

‘मी काढून टाकायला सांगते. आजच.’

‘कुठून काढणार?’

‘हे बघ, तू रागावलीयेस, ते बरोबर आहे. पण केंद्रात तुला घ्यायचं चाललंय. माझ्याबरोबर. मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी.’

शब्द टाकलाय, हे ऐकल्यावर धाकटीला तिथे उभंच राहवेना. ‘ते माझं नव्हतं गं द्यायला,’ ती म्हणाली. ‘मी तुला दाखवलं, कारण तू तू होतीस.’ मैत्रीण रडायला लागली, आणि तिचं रडणं खरं होतं, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. त्या दिवशी मागच्या बाकावरही खरंच रडली असणार. धाकटी तिथून निघाली ती थेट दुकानावर आली.

दुकान लवकर बंद केलं होतं. आप्पा खुर्चीत, दादा ताग्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत, वहिनी जिन्यात.

‘मला फसवलं तिने,’ धाकटी म्हणाली. येताना रस्ताभर तिने बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

‘तुला तिने फसवलं,’ दादा म्हणाला. ‘आम्हाला कुणी?’

धाकटीने आप्पांकडे बघितलं. ते रागावतील, बोलतील, निदान हात झटकतील असं तिला वाटत होतं. आप्पा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

‘जाऊ दे,’ आप्पा म्हणाले. ‘शब्दच होते.’

मग ते उठले, चपला घातल्या आणि पुन्हा एकदा गल्लीतल्या एकेका दुकानात गेले. या वेळी कुणी उठून उभं राहिलं नसेल, हे धाकटीला न बघता कळलं. दादाने सोबत येतो म्हटलं, तर त्यांनी हाताने नको म्हणून खूण केली.

शाळेत त्या आठवड्यात धाकटीला दोन गोष्टी मिळाल्या. मुख्याध्यापकांकडून सगळ्यांसमोर पुष्पगुच्छ, आणि चिमीकडून काहीच नाही. वरच्या वर्गातली पोरं चिमीला मधल्या सुट्टीत ‘ए ढवळ्या’ म्हणून हाक मारत. वस्तऱ्यावरून बोलणारे ते सरसुद्धा आता बाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लागले होते; त्यांना त्यांच्या टाचणात मदत हवी होती. घरच्या शब्दांचा तास पुन्हा आला तेव्हा सुताराच्या मुलीने काहीतरी सांगितलं, बेकरीवाल्याच्या मुलाने सांगितलं. धाकटी चिमीच्या बाकापाशी थांबली.

‘आमच्याकडे काही नाही, बाई,’ चिमी म्हणाली.

तिने हे रागाने म्हटलं नाही. कुणी वेळ विचारावी आणि घड्याळ नाही म्हणून सांगावं, तसं सांगितलं. धाकटी पुढच्या बाकाकडे वळली, कारण वर्ग बघत होता.

रविवारची जेवणं चालू राहिली. आप्पांचं घर तसं नव्हतं, की माणसाला ताटावरून उठवतील. वाढलं जायचं, विचारपूस व्हायची, दादाही हळूहळू बोलायला लागला. गल्लीही हळूहळू सावरली. लोकांना नवीन काहीतरी चघळायला मिळालं, आणि कापड काही कुणाला घेतल्याशिवाय राहता येत नाही. धाकटीला वाटायला लागलं की निभावलं. तिच्या जागी कुणालाही वाटलं असतं.

वर्गाच्या खिडक्यांना पडदे हवे होते, म्हणून एका संध्याकाळी ती दुकानावर गेली. शाळेतून पडद्यांच्या मागणीचं पत्र आणलं होतं, पण ते पिशवीतच राहू दिलं. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरच्या आत आप्पा, वहिनी आणि चिमी, तिघं काहीतरी बोलत होते आणि चिमी हसत होती. जीभ पुन्हा कात्रीसारखी चालली होती. धाकटी पायरी चढली तशी ती थांबली.

‘ये,’ आप्पा म्हणाले. ‘काय देऊ?’

तिने सांगितलं. लहानपणापासूनच्या सवयीने ती काउंटरची फळी उचलून आत जायला गेली, पण फळीवर ताग्यांचा ढीग होता. तो हलवायला कुणी उठलं नाही. कुणी मुद्दाम केलं असंही नव्हतं. मग ती बाहेरच्या बाकावर बसली.

वहिनीने एक निळा तागा काढून तिच्यासमोर उलगडला. सुरेख होता. धाकटी हात लावणार एवढ्यात आप्पा, तिच्याकडे न बघता, वहिनीला म्हणाले, ‘तिळाला पाणी घाल.’

वहिनीने तो तागा गुंडाळला, आत ठेवला आणि दुसरा काढला. चिमीने खाली मान घातली. धाकटी तशीच बसून राहिली. तिने तो शब्द मनात उलटापालटा करून बघितला. तीळ म्हणजे चांदणं असेल. किंवा नसेल. कापडाबद्दल असेल, किंवा गिऱ्हाइकाबद्दल. शब्दांमागचं शोधायला तिने वर्गाला शिकवलं होतं, पण यातलं एक टोकही तिच्या हाताला लागेना. घरातल्या माणसांनी, तिच्यामागे, एकत्र बसून हे सगळं नवीन बसवलं होतं आणि तिला त्यातून अलगद बाहेर ठेवलं होतं.

‘म्हणजे काय, आप्पा?’ तिने विचारलं. आवाज आपलाच आहे हे तिला पटेना.

‘काही नाही गं. असंच,’ आप्पा म्हणाले. ते प्रेमानेच म्हणाले, आणि त्या प्रेमाने तिला जितकं लागलं तितकं मैत्रिणीच्या कात्रीनेही लागलं नव्हतं. त्यांनी मीटरपट्टी उचलली, दुसऱ्या ताग्याचा पदर सरळ केला आणि थांबले.

‘बोल. किती मीटर देऊ?’